ओडी, बीडी आणि आमच्या कमल सिस्टर

आदरणीय कमल ओव्हाळ सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या एका चुकीपायी. मी तेव्हा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, सुरक्षा विभागात नुकताच रुजू झालो होतो. मूळचा मी दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा. शिरूरला खोली घेऊन राहत होतो, कंपनीच्या बसने जात-येत होतो आणि गळ्यातल्या ओळखपत्राचा मला फार अभिमान होता. सिस्टर त्याच कारखान्याच्या प्रथमोपचार केंद्रात परिचारिका होत्या. सरकारी रुग्णालयात बरीच वर्षे काढून त्या तिथे आल्या होत्या. मी त्यांना फक्त लांबून पाहिले होते. पांढरी साडी, घट्ट अंबाडा, आणि चालण्यात अशी घाई की वाटेतल्या माणसाने आपोआप बाजूला व्हावे.

एके दिवशी सकाळी प्रेस विभागातल्या तुकाराम शेळके यांची दोन बोटे यंत्रात सापडली. सिस्टरांनी पट्टी बांधून त्यांना गाडीने शिरूरच्या दवाखान्यात धाडले आणि माझ्या टेबलावर चिठ्ठी पाठवली, 'शेळके ओटीत आहेत. घरी कळवा.' मी त्या वेळी गोदामात वाळूच्या बादल्या तपासत होतो. अपघाताचा मला पत्ताच नव्हता. परत आलो, चिठ्ठी वाचली. कारखान्यात ओटी म्हणजे ओव्हरटाइम, हे शेंबडे पोरही सांगेल. मी शेळक्यांच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावून निरोप ठेवला, "शेळके ओटीला थांबलेत. उशीर होईल. काळजी करू नका." वर आपुलकीने "जेवायला त्यांची वाट पाहू नका" असेही जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळकेबाई कारखान्याच्या फाटकावर उभ्या.

"तिकडं ह्यांची बोटं शिवत व्हते, आन् मी हिकडं भावकीत हळदीची गाणी म्हणत व्हते! कोण त्यो फोन करणारा? त्याला भायेर काढा!"

भायेर निघण्याची माझी अजिबात तयारी नव्हती. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी मागून घेतली, वाचली, आणि सगळ्यांच्या देखत शेळकेबाईंना म्हणाल्या, "बाई, फोन यांनी केला, पण चुकले मी. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली. इथं ओटी म्हणजे जादा काम. मला हे ठाऊक होतं, तरी घाईत दोन अक्षरं खरडून मोकळी झाले. राग माझ्यावर काढा."

एवढ्या सरळ कबुलीची शेळकेबाईंना सवय नसावी. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बोटं ऱ्हातील ना वो, सिस्टर?" एवढेच त्यांनी विचारले. "राहतील. चला, मीच येते तुमच्याबरोबर," म्हणत सिस्टर त्यांच्यासोबत दवाखान्यात गेल्या. दोन्ही बोटे राहिली. शेळके आज त्याच बोटांनी तंबाखू मळतात, याचे सिस्टरांना अजूनही वाईट वाटते.

त्या दिवशी दुपारी मी आभार मानायला प्रथमोपचार केंद्रात गेलो. सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. म्हणाल्या, "आभार कसले? वाचणाऱ्याला कळलं नाही, तर चूक लिहिणाऱ्याची. मी हे एका क्लार्ककडून शिकले, आणि शिकताना पोटभर रडले."

ती हकिगत त्यांनी मला तेव्हा सांगितली. त्यांचे वडील दौंडला रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. रेल्वेच्या बोलीत अशा फाटकाला एलसी म्हणतात. घरात रोजचे बोलणेही तेच. 'बाबा एलसीवर गेलेत', 'बाबांचा डबा एलसीवर नेऊन दे.' मॅट्रिक झाल्यावर कमलताईंनी पुण्याला नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला. निवड झाली. कागद तपासताना क्लार्क म्हणाला, "एलसी नाही जोडली. उद्या घेऊन ये, उद्या शेवटचा दिवस." शाळा सोडल्याच्या दाखल्यालाही एलसी म्हणतात, हे त्या मुलीला कुणी सांगितलेच नव्हते. शाळेत सगळे त्याला दाखला म्हणायचे.

घरी येऊन तिने वडिलांना सांगितले. वडीलही चक्रावले. "एलसी कशी न्यायची? ती तर रुळावर पक्की हाय," म्हणाले. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. स्टेशनात जाऊन साहेबांच्या सहीशिक्क्याचे पत्र आणले, 'हे गृहस्थ अमुक नंबरच्या एलसीवर इमाने-इतबारे नोकरीस आहेत.' दुसऱ्या दिवशी क्लार्कने ते पत्र वाचले, शेजारच्यांना बोलावून वाचून दाखवले आणि सगळे कार्यालय हसले. मुलगी रडत बाहेर पडली. व्हरांड्यात मेट्रनबाईंनी अडवून विचारले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "जा दौंडला. दाखला घेऊन ये. तू येईपर्यंत मी हे रजिस्टर बंद करू देणार नाही." मिळेल त्या गाडीने ती दौंडला गेली, मुख्याध्यापकांना जेवणावरून उठवून दाखला घेतला आणि पुण्याला परत पोहोचली, तेव्हा कार्यालयात सगळे निघून गेले होते. मेट्रनबाई एकट्या रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हसले ते मला आठवत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "थांबलेली तेवढी आठवते."

सिस्टरांच्या सेवेतली सर्वांत मोठी घटना कोणती, असे मला विचाराल, तर मी ज्ञानदेव गव्हाणे यांचे नाव घेईन. गव्हाणेआप्पा आमच्या मेंटेनन्स विभागातले जुने फिटर. यंत्रातला बिघाड नुसता कान लावून ओळखायचे. त्यांना रक्तदाबाचा त्रास निघाला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आणि पाकिटांवर लिहिले. एकावर ओडी, दुसऱ्यावर बीडी. डॉक्टरी भाषेत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. हे साऱ्या जगाला माहीत आहे, अशी डॉक्टरांची समजूत होती.

दोन-अडीच महिन्यांनी आप्पा गावच्या यात्रेची चार दिवसांची रजा संपवून कामावर आले आणि पहिल्याच तासाला यंत्राशेजारी घेरी येऊन बसले. डावा हात बधिर. दोघांनी उचलून त्यांना केंद्रात आणले. सिस्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडी काढा." गाडी येईपर्यंत त्यांनी आप्पांना विचारले, "गोळ्या बंद केल्या होत्या का?"

"न्हाई वो! टायमावर घेतो. ओडी हाय तवा घेतो."

"म्हणजे?"

"ऑन ड्युटी हाय तवा. सुट्टीला न्हाई घेत. यात्रेत चार दिवस ड्युटी नव्हती, म्हणून गोळी बी नव्हती."

"आणि दुसरी?"

"ती बीडीची. ब्रेकडाऊन झाला की घेतो. मागल्या महिन्यात तीनदा घेतली." आप्पांनी जरा अभिमानाने मान वर केली. "ह्या महिन्यात एक बी मशीन बंद पडू दिली न्हाई, सिस्टर. त्याला मी काय करू?"

मी तिथेच उभा होतो. खरे सांगायचे, तर मला हसू फुटले. आमच्या कारखान्यात ओडी म्हणजे ऑन ड्युटी आणि बीडी म्हणजे ब्रेकडाऊन, हे मी स्वतःच रजिस्टरात रोज लिहीत होतो. आप्पा जेवढे मन लावून काम करत होते, तेवढ्या त्यांच्या गोळ्या कमी होत होत्या. सिस्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. माझे हसू जागीच जिरले. मग त्या आप्पांचा बधिर हात आपल्या दोन्ही हातांत धरून गाडीत बसल्या आणि दवाखाना येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

आप्पा आठवडाभर दवाखान्यात होते. हात हळूहळू पूर्ववत झाला. ते कामावर आले त्या दिवशी सिस्टर त्यांना घेऊन डॉक्टरांसमोर गेल्या. मीही मागे होतो. डॉक्टर वयाने आणि मानाने मोठे, पण स्वभावाने तापट. ते म्हणाले, "सिस्टर, ही औषधाची भाषा आहे. जगभर हीच चालते."

"जगभर चालत असेल, साहेब. रांजणगावात चालत नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "आप्पा, गोळ्या कशा घेत होता, ते साहेबांना सांगा."

आप्पांनी सांगितले. डॉक्टर आधी मोठ्याने हसले. आप्पाही त्यांच्यासोबत हसले. मग डॉक्टरांचे हसणे मध्येच थांबले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि प्रिस्क्रिप्शनचे पॅड सिस्टरांपुढे सरकवले. "काय लिहू, ते सांगा."

त्या दिवसापासून आमच्या केंद्रातल्या प्रत्येक पाकिटावर सिस्टरांच्या टपोऱ्या अक्षरांत पूर्ण मजकूर जाऊ लागला. आप्पांच्या ओडीच्या पाकिटावर आता होते, 'रोज सकाळी न्याहारीनंतर एक. कामावर असा, सुट्टीवर असा, यात्रेत असा, लग्नात असा. मशीन चालो वा न चालो.' बिहारकडून आलेल्या कामगारांसाठी त्या हेच हिंदीत लिहीत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्रकोर काढत. त्यांच्या चित्रात सूर्याला नेहमी मिशा असल्यासारख्या दिसत, पण गोळी चुकली असे कधी झाले नाही.

या प्रकरणानंतर सिस्टर माझ्या सूचनाफलकाकडे वळल्या. मी मोठ्या दिमाखात लिहिले होते, 'पीपीईशिवाय प्रवेश नाही.' म्हणजे हेल्मेट, हातमोजे, गॉगल वगैरे संरक्षक साधने. सिस्टरांनी जेवणाच्या सुट्टीत मला कॅन्टीनमध्ये नेऊन चार जणांना अर्थ विचारायला लावला. एक म्हणाला, "पगार पुढच्या एक तारखेला." दुसरा म्हणाला, "पास, परवाना आन् एन्ट्री." तिसऱ्याने उलट मलाच विचारले, "तुम्हीच लिवलंय न्हवं? मग आमाला काय इचारता?" चौथा हेल्मेट घालून जेवत होता. त्याला अर्थ माहीत नव्हता, पण पाटी बघून धोका पत्करायला नको म्हणून तो हेल्मेट काढतच नव्हता. मी संध्याकाळपर्यंत फलक पुसून नवा लिहिला.

सिस्टर स्वतः कधीच फसल्या नाहीत, असे मात्र नाही, आणि ते प्रसंग त्या स्वतःच रंगवून सांगतात. एकदा कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यात प्रथमोपचाराचे वर्ग घ्यायला आम्ही दोघे गेलो होतो. दारातच फळ्यावर लिहिले होते, 'आज दुपारी दोन वाजता पीएम. सर्वांनी हजर राहावे.' सरकारी रुग्णालयात आयुष्य गेलेल्या सिस्टर जागच्या जागी थबकल्या. पुढे आलेल्या तरुण इंजिनिअरला हळू आवाजात म्हणाल्या, "फार वाईट झालं. कुणाचं आहे?"

"रिॲक्टर नंबर तीनचं," तो उत्साहाने म्हणाला.

"तिथं काम करणारे का? घरच्यांना कळवलं?"

"घरच्यांना? नाही मॅडम, दर तीन महिन्यांनी करतो आम्ही."

सिस्टरांचा चेहरा पाहून मी मध्ये पडलो आणि पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम नव्हे, प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स, यंत्राची ठरावीक मुदतीने करायची देखभाल, असा खुलासा केला. वर्गाची सुरुवात सिस्टरांनी हीच गोष्ट सांगून केली. त्या दिवसाइतका गोडीने ऐकलेला वर्ग मी दुसरा पाहिला नाही.

आता माझ्या घरचे सांगतो. माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायला सांगितला होता. अहवाल मी शिरूरहून फोनवर विचारला, तर धाकट्या भावाने वाचून दाखवले, "खाली नॅड असं लिवलंय." मी म्हणालो, डॉक्टरांना विचार. डॉक्टर परगावी गेलेले. दोन दिवसांत कासुर्डीत बातमी पसरली की आबांना नॅड झाला. आमचे मामा यवतहून आले आणि माजघरात बसून म्हणाले, "आमच्याकडं एकाला झाला व्हता नॅड. वरीस काढलं न्हाई त्यानं." आईने जेवण सोडले. आबांनी भावाला बोलावून विहिरीचा वाटा कुणी कसा घ्यायचा, ते सांगून टाकले, आणि ज्या चुलतभावाशी बारा वर्षे बोलत नव्हते, त्याच्या दारात स्वतः जाऊन आले. मी रजा टाकून गावी निघालो. सिस्टरांना नुसते कळवले होते.

त्या दुपारी एसटीने आणि पुढे मिळेल त्या वाहनाने सिस्टर कासुर्डीला आल्या. दारात चपला काढल्या, अहवाल मागून घेतला, उभ्या उभ्या वाचला, आणि आबांच्या खाटेशेजारी बसून म्हणाल्या, "आबा, एन-ए-डी या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ आहे, काहीही बिघाड आढळला नाही. तुमची छाती स्वच्छ आहे. खोकला धुळीचा आहे."

आबा म्हणाले, "म्हंजी नॅड न्हाई?"

"नॅड आहे. पण नॅड असणंच चांगलं."

मामा घोंगडी सावरत म्हणाले, "मग आमच्याकडचा कशानं गेला?" आईने पदराने डोळे पुसत चुलीवर चहा ठेवला. सिस्टर आबांपुढे एकदाही हसल्या नाहीत. मी त्यांना हायवेपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा मात्र थांब्यावरच्या बाकड्यावर बसून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "तो चुलतभाऊ आला होता ना चहाला? मग ते एक बरं झालं." आबा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, आणि ती भाऊबंदकी पुन्हा उकरली गेली नाही.

निवृत्तीनंतर सिस्टर शिरूरला मुलाकडे राहतात. इथे त्यांची गाठ नव्या पिढीच्या अक्षरांशी पडली. पुण्याला शिकणाऱ्या नातीचा निरोप आला, 'आजी, तुझा डीपी किती जुना आहे! बदल ना.' आमच्या भागात डीपी म्हणजे विजेची पेटी. सिस्टरांनी वायरमनला बोलावले. त्याने खांबावर चढून पाहिले आणि सांगितले की डीपी ठणठणीत आहे. नातीला मोबाइलवरचा फोटो म्हणायचे होते, हे कळल्यावर सिस्टरांनी त्या वायरमनसोबतच एक फोटो काढून लावला. तो आजही आहे.

पण एका बाबतीत त्यांनी नातवंडांचे लाड केले नाहीत. वस्तीतल्या मुलांच्या मोबाइलवरच्या गटावर सकाळी सकाळी 'जेबी' असे निरोप येऊ लागले. सिस्टरांनी विचारले, "हा जेबी कोण?" नातू म्हणाला, "आजी, जय भीमचा शॉर्टफॉर्म. आता सगळे असंच टाकतात." सिस्टरांनी त्याला समोर बसवले. "माझ्या बापाला हे दोन शब्द गावच्या रस्त्यावर मोठ्यानं म्हणायला छाती लागत होती. तुला लिहायला अंगठा जड झाला?" दुसऱ्या दिवसापासून गटावर दोन्ही शब्द पूर्ण दिसू लागले. ही हकिगत मला त्या नातवानेच सांगितली. सांगताना तो हसत नव्हता.

आजही दर मंगळवारी सिस्टर सरकारी दवाखान्याच्या आवारात बाकावर बसतात. केसपेपर, चाचण्यांचे अहवाल, विम्याचे कागद, जे येईल ते वाचून समजावतात. गावोगावचे लोक येतात. ज्याचा अर्थ त्यांना स्वतःला लागत नाही, तिथे त्या अंदाज करत नाहीत. "मला नाही कळलं, विचारून येते," म्हणून गुडघे धरत उठतात आणि डॉक्टरांच्या दारात रांगेत उभ्या राहतात.

अशा सिस्टरांचा जाहीर गौरव करायचे आम्ही ठरवले. त्या समारंभाची निमंत्रणपत्रिका घेऊन आम्ही समितीचे सात जण त्यांच्याकडे गेलो होतो. पत्रिकेच्या वर रीतीप्रमाणे 'स. न. वि. वि.' छापले होते. सिस्टरांनी चष्मा लावून विचारले, "हे काय?" आम्ही सातही जणांनी जन्मभर ही चार अक्षरे लिहिलेली. कुणी म्हणाले 'सर्वांना नम्र विनंती विशेष', कुणी म्हणाले 'सस्नेह'ने सुरू होते, कुणी छतातला पंखा पाहू लागले. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "सप्रेम नमस्कार विनंती विशेष. निदान नमस्कार तरी पुरा करा रे." पत्रिका पुन्हा छापली.

निघताना मी त्यांना सांगितले की समारंभासाठी लिहायच्या या लेखाच्या शेवटी रिवाजाप्रमाणे 'दीर्घायुष्य लाभो' असे लिहीन.

"दीर्घ म्हणजे किती, ते नीट लिहा," त्या म्हणाल्या.

"शंभर लिहू?"

"शंभर लिहा. पण चालती-बोलती, चष्म्यानं का होईना वाचती, आणि कुणाच्या तरी उपयोगाची, असंही लिहा. नाहीतर नुसतं शंभर मिळायचं."

तेव्हा शेळके, गव्हाणेआप्पा, कासुर्डीचे आमचे सगळे घर आणि शिरूर-दौंड भागातली असंख्य माणसे यांच्या वतीने मी एकही अक्षर न गाळता लिहितो. आदरणीय कमल सिस्टरांना शंभर वर्षांचे आयुष्य मिळो. ते चालते, बोलते, वाचते आणि उपयोगाचे असो. आणि शंभरानंतरचे पुढे काय, ते त्यांनी स्वतः आम्हाला समजावून सांगावे.